‘सोब्रेमेसा’ : मेज, पंगत आणि चूल

पेडण्यास एका स्नेह्याच्या घरी सत्यनारायणाची पंगत आटोपून आम्ही ओसरीवर येऊन बसलो होतो. तोच इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या एका मुलाने आम्हांस प्रश्न केला, “काका, ‘सोब्रेमेसा’ हा स्पॅनिश शब्द सोप्या इंग्रजीत कसा सांगावा?” घरातल्या जुन्या पोर्तुगीज कोशात त्याला ‘जेवणाअखेरचे गोड’ असा अर्थ मिळाला होता, परंतु तो त्याच्या धड्यातील वाक्यास काही केल्या बसेना.

कोश चुकला नव्हता. लॅटिन ‘मेन्सा’पासून दोन्ही भाषांत ‘मेसा’, म्हणजे जेवणाचे मेज, आले. आणि ‘सोब्रे’ म्हणजे वर. हाच जोडशब्द पोर्तुगीजांनी गोड पदार्थास लावला, तर स्पॅनिश लोकांत आज तो जेवणानंतर मेजावरून न उठता केलेल्या गप्पांच्या वेळेस लावतात. इंग्रजीत त्यास नेमका एक शब्द नाही. तेव्हा आम्ही मुलास म्हटले, “शब्द शोधू नकोस, ‘द टाइम पीपल सिट अँड टॉक आफ्टर ए मील’ एवढेच लिही.” त्याच्या आजीने मात्र आमच्याही पुढे मजल मारली. त्या म्हणाल्या, “म्हणजे हात वाळेपर्यंत बोलत बसणे!”

आजींच्या घरात मेज नव्हते, पाट होते. यामागे इतिहास आहे. तिसवाडी, बारदेश व साष्टी हे जुन्या काबिजादींचे महाल सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले. तेथे धर्मसत्तेचा हात स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या हुकूमनाम्यात नवख्रिस्ती लोकांना हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवण्याचीही मनाई होती! डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास, आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांशी झालेल्या तहाने, त्या राज्यात आली. तोवर काळ पालटला होता; नव्या काबिजादींत देवळे राहिली, आणि देवळांबरोबर पंगतही राहिली. नार्व्याच्या श्रीसप्तकोटीश्वराचे देऊळ, ज्याचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली केला, ते डिचोली महालातच आहे.

शब्दांना मात्र सीमा अडवीत नाहीत. पाव, अननस, काजू, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांच्या मुखातून आपल्या स्वयंपाकघरात आले आणि सोवळ्यातही शिरले. आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. वस्तू आली की तिच्याबरोबर शब्द येतो; रीत मात्र तशी येत नाही.

आम्हां वकिलांना ‘मेसा’ आणखी एका ठिकाणी भेटतो. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७० पासून गोव्यास लागू झाला. त्यात भावाभावांची, किंवा आईबाप व सज्ञान मुले यांची, कौटुंबिक भागीदारी सांगितली आहे. लेखी करार नसला तरी वर्षाहून अधिक काळ मेज व निवास, उत्पन्न व खर्च, नफा व तोटा एकत्र असेल, तर ती मूकपणे सिद्ध होते. आता डिचोलीच्या शेतकऱ्यास कोणी विचारले, “तुमचे मेज एक होते काय?” तर तो प्रामाणिकपणे सांगेल, “आमच्या घरात मेजच नाही!” आणि त्या एका उत्तराने भावाचा हक्क बुडेल. येथे ‘मेसा’चे खरे भाषांतर ‘चूल’ हेच होय. वस्तू बदलली, तरी अर्थ राखला. कोशास चिकटून राहिलेला दुभाषा अशा वेळी न्यायाचा घात करील.

वाटणीचे दावे चालविताना आम्हांस एक गोष्ट वारंवार दिसून आली. चूल एका दिवसात वेगळी होत नाही. प्रथम जेवण झाल्यावर जो तो आपापल्या खोलीत जाऊ लागतो. हात वाळेपर्यंत कोणी बसत नाही. मग हिशेबाचे बोलणे तिऱ्हाइतामार्फत होऊ लागते, आणि अखेरीस दुसरा धूर दिसतो. कायदा वर्ष मोजतो, नफातोटा मोजतो. जेवणानंतरची ही घटका त्याच्या मोजमापात येत नाही. ती घटका टिकते तोवर आमच्याकडे सहसा कोणी येत नाही, आणि त्याचा आम्हांस खेदही नाही.

मुलाने आपले इंग्रजी वाक्य वहीत उतरविले, आणि त्याखाली आजीचे वाक्य मराठीत लिहिले. गुरुजी कोणते बरोबर धरतील, कोण जाणे. आम्ही मात्र आमचा निकाल आजींच्या बाजूने दिला आहे.