संशयवाद्यांचा पैसा आणि वृत्तपत्रांचा ‘समतोल’

जागतिक तापमानवाढीविषयी शंका घेणाऱ्या वैज्ञानिकांना आणि संस्थांना तेल व कोळसा उद्योगाने पुरवलेल्या पैशाची चर्चा बहुधा देणारा आणि घेणारा या दोघांभोवतीच फिरते. या व्यवहारातील तिसरा पक्ष म्हणजे वृत्तपत्रे. त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक उद्योगाची मोठी भिस्त त्यांच्यावरच होती.

डिसेंबर १९९७ मध्ये क्योटो करार झाला. त्यानंतर काही महिन्यांतच तेल कंपन्या, उद्योगसंघटना आणि उजव्या विचारांच्या काही संशोधन संस्था यांचे प्रतिनिधी ‘अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट’च्या वॉशिंग्टन येथील कार्यालयात जमू लागले. त्यांनी तयार केलेला प्रचार आराखडा एप्रिल १९९८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हाती लागला. हवामानाच्या वादात ज्यांचे नाव पूर्वी फारसे आलेले नाही अशा वैज्ञानिकांना हेरावे आणि माध्यमांसमोर बोलण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यात सुचवले होते. मोहीम यशस्वी झाली हे कसे ओळखावे, याच्या खुणाही नोंदवल्या होत्या. सामान्य नागरिकाला हवामानशास्त्रातील अनिश्चितता ‘कळू’ लागणे ही एक खूण. बातम्यांमध्ये ‘समतोल’ दिसू लागणे ही दुसरी. पत्रकार ज्याला आपला धर्म मानतात, तेच येथे प्रचाराचे उद्दिष्ट म्हणून लिहून ठेवले होते.

हे उद्दिष्ट गाठणे फार अवघड नव्हते. सत्ताधाऱ्याचे विधान घेतले की विरोधकाचेही घ्यावे, ही राजकीय बातमीदारीतील शिस्त योग्यच आहे. तीच विज्ञानाच्या बातमीला लावली, की हजारो शोधनिबंधांतून सिद्ध झालेला निष्कर्ष आणि मूठभरांचा आक्षेप यांना सारख्याच ओळी मिळतात. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ या बंधूंनी २००४ मध्ये याचे मोजमाप मांडले. १९८८ ते २००२ या काळात ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘वॉशिंग्टन पोस्ट’, ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ आणि ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ यांत आलेल्या ६३६ वृत्तलेखांचा नमुना त्यांनी तपासला. निम्म्याहून अधिक, सुमारे ५३ टक्के लेखांनी दोन्ही बाजूंना जवळपास सारखे माप दिले होते. त्याच वर्षी नेओमी ओरेस्केस यांनी वैज्ञानिक नियतकालिकांतील ९२८ शोधनिबंधांचे सारांश तपासले. मानवी कारण नाकारणारा एकही त्यांना आढळला नाही.

कंपन्यांना स्वतःला मात्र हा संभ्रम नव्हता. एक्सॉनचे वैज्ञानिक जेम्स ब्लॅक यांनी १९७७ मध्येच कंपनीच्या वरिष्ठांना कार्बन डायऑक्साइडच्या परिणामांची कल्पना दिली होती. तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांनी १९८९ मध्ये ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ ही संघटना स्थापन केली. तिच्याच तांत्रिक सल्लागारांनी १९९५ च्या सुमारास संशयवाद्यांचे पर्यायी सिद्धांत पटण्यासारखे नाहीत, असे मसुद्यात लिहिले. तो भाग गाळूनच पुस्तिका वाटली गेली आणि ही गोष्ट बाहेर आली ती थेट २००९ मध्ये. ओरेस्केस आणि जेफ्री सुप्रान यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार एक्सॉनमोबिलच्या अंतर्गत कागदपत्रांपैकी ८० टक्के मानवी कारण मान्य करत होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पैसे मोजून छापलेल्या जाहिरातवजा लेखांपैकी ८१ टक्के मात्र शंका उपस्थित करत होते. कंपनीने हा अभ्यास अमान्य केला आहे. बातमी आणि जाहिरात यांमधली भिंत वृत्तपत्रे अभिमानाने सांगतात; वाचकाच्या डोळ्यांना मात्र दोन्ही एकाच अंकात दिसतात.

पैसा आणि प्रसिद्धी यांची सांगड सर्वांत स्पष्ट दिसली ती विली सून यांच्या प्रकरणात. तापमानवाढीचे श्रेय प्रामुख्याने सूर्याला देणाऱ्या सून यांची ओळख अनेक वृत्तवाहिन्यांवर ‘हार्वर्डचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ’ अशी करून दिली जाई. प्रत्यक्षात ते हार्वर्डच्या नोकरीत कधीच नव्हते. ज्या केंद्रात ते काम करत, त्यात हार्वर्डसोबत स्मिथसोनियन ही संस्था भागीदार आहे आणि सून स्मिथसोनियनचे अर्धवेळ कर्मचारी होते. ग्रीनपीसने माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली मिळवलेल्या कागदपत्रांवरून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फेब्रुवारी २०१५ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, दशकभराहून अधिक काळात त्यांना जीवाश्म इंधन उद्योगाकडून १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळाली होती. २००८ पासूनच्या किमान ११ शोधनिबंधांत त्यांनी हा हितसंबंध उघड केला नव्हता. देणगीदारांशी झालेल्या पत्रव्यवहारात या निबंधांचा उल्लेख, एखाद्या कंत्राटदाराने पुरवायच्या मालासारखा होता. आर्थिक लाभ ही आपली प्रेरणा कधीच नव्हती, असे सून यांनी उत्तर दिले. ‘हार्वर्ड’ हा शब्द मात्र आधीच्या कित्येक वर्षांत एका दूरध्वनीवर पडताळता आला असता.

पैशाचा मागोवा घेणारी पत्रकारिताही निर्दोष राहिली नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रुल यांनी २०१३ मध्ये अशा ९१ संस्थांचे एकत्रित वार्षिक उत्पन्न सुमारे ९० कोटी डॉलर असल्याचे दाखवले. या संस्था करांपासून आरोग्यविम्यापर्यंत अनेक विषयांवर काम करतात; तरीही संपूर्ण रक्कम हवामानविरोधी प्रचारावरच खर्च होते, असा समज काही बातम्यांच्या मथळ्यांनी करून दिला. शिवाय पैसा कोणाचा यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. बर्कलीचे रिचर्ड मुलर स्वतः संशयवादी होते. त्यांच्या तापमान-नोंदींच्या प्रकल्पाला चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानाने दीड लाख डॉलर दिले होते, आणि कोक यांचा उद्योग तेलाचा. मुलर यांनी २०१२ मध्ये जाहीर केलेला निष्कर्ष होता, तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे मानवनिर्मित आहे.

माध्यमांनी आपले नियम बदलले, पण सावकाश. ‘असोसिएटेड प्रेस’ने २०१५ मध्ये ‘संशयवादी’ आणि ‘नाकारणारे’ हे दोन्ही शब्द टाळण्याची सूचना आपल्या शैलीपुस्तिकेत दिली. पुरावा मागणारा खरा संशय हा विज्ञानाचा गुण आहे, तो शब्द या गटाला देऊ नये, अशी वैज्ञानिकांची तक्रार होती. बीबीसीने २०१७ मध्ये लॉर्ड लॉसन यांचे चुकीचे विधान न खोडता प्रसारित केले. ब्रिटिश नियामक ‘ऑफकॉम’ने ते नियमभंग ठरवल्यानंतर २०१८ मध्ये बीबीसीने, समतोलासाठी नाकारणारा माणूस बोलावण्याची गरज नाही, असे आपल्या कर्मचाऱ्यांना कळवले.

भारतीय वृत्तपत्रांत असा जोडीदार वक्ता फारसा दिसला नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सायमन बिलेट यांच्या, चार इंग्रजी दैनिकांवरील अभ्यासात तापमानवाढीच्या मानवी कारणाबद्दल वाद आढळला नाही. वाद होता तो जबाबदारी कोणाची, श्रीमंत देशांची की आपली, याचा. परदेशी वृत्तसंस्थांच्या मजकुरातून येणारी ‘अमुक विद्यापीठाचे तज्ज्ञ’ ही ओळख मात्र येथील पानांवरही तशीच उतरू शकते.

सून यांचे कागद मिळाले, कारण स्मिथसोनियन सरकारी पैशावर चालते. खासगी प्रतिष्ठानांना अशी सक्ती नाही. काही देणग्या आता ‘डोनर्स ट्रस्ट’सारख्या संस्थांमार्फत निनावी जातात. लॉसन यांनी स्थापन केलेल्या ‘ग्लोबल वॉर्मिंग पॉलिसी फाउंडेशन’च्या पहिल्या देणगीदाराचे नाव एका पत्रकाराने मागितले, तेव्हा ब्रिटनच्या माहिती न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये ती मागणी फेटाळली.