लाल ‘ब्रेक’ दिव्याचा पूर्वेतिहास

मंडळाचा कार्यक्रम संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये ज्या गप्पा रंगतात त्यांत मोटारींचा विषय हमखास निघतो, आणि त्यात एक वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. ‘‘तो ब्रेकचा लाल दिवा ना? तो कायमच लागलेला असतो. ब्रेक व्यवस्थित लागतात, काही होत नाही.’’ बोलणारा कधी नुकताच शिकायला आलेला, जुनी गाडी घेतलेला विद्यार्थी असतो, तर कधी वीस वर्षे इथे राहिलेला डॉक्टर. दोघांचाही युक्तिवाद वरवर बिनतोड आहे : ब्रेक लागतात, म्हणजे दिवाच बिघडला असणार. पण हा दिवा मोटारीत कसा आला हे पाहिले, तर तो नेमका ‘ब्रेक लागतात’ असे वाटणाऱ्या माणसासाठीच बसवला गेला आहे हे ध्यानात येते.

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक सळ्या आणि केबल यांच्या जोरावर चालत. चारही चाकांना सारखा जोर पोचवणे हे मोठे कटकटीचे काम. एक सळी किंचित सैल झाली की गाडी एका बाजूला ओढली जाई. माल्कम लॉकहीड याने सळ्यांऐवजी नळ्यांतल्या द्रवाने दाब पोचवण्याची पद्धत आणली. (विमानांच्या कंपनीमुळे हे आडनाव ओळखीचे वाटेल, तिचा संस्थापक हा माल्कमचा भाऊ.) शाळेत घोकलेला पास्कलचा नियम तो हाच. १९२१ साली ड्यूसेनबर्ग या उंची गाडीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले, १९२४ साली क्रायस्लरने ते बऱ्याच कमी किमतीच्या गाडीत दिले. हेन्री फोर्ड मात्र १९३९च्या मॉडेलपर्यंत सळ्या आणि केबल सोडायला तयार नव्हता. त्याला हट्टी म्हणण्याची पद्धत आहे आणि तो हट्टी होताच. पण द्रवाच्या ब्रेकमध्ये एक दोष होता तो खराच होता. चारही चाकांच्या नळ्या एकाच मास्टर सिलिंडरला जोडलेल्या. त्यातली एक नळी फुटली, एका चाकाचे रबरी सील गळाले, की दाब चारही चाकांचा जाई. पेडल थेट तळाला टेकत असे. अशा गाडीत इशाऱ्याचा दिवा नव्हता आणि त्याचा उपयोगही बेताचाच झाला असता, कारण बातमी पेडलच देई. फक्त ती द्यायची वेळ चुकीची असे.

यावरचा उपाय साधा होता. एका सिलिंडरऐवजी एकाच नळकांड्यात दोन पिस्टन आणि दोन कप्पे : एक पुढच्या चाकांचा, एक मागच्या. (पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत पुढे वजन फार, म्हणून तिथे बहुधा तिरकी जोडी असते, पुढचे डावे आणि मागचे उजवे.) एक कप्पा रिकामा झाला तरी दुसरा शाबूत राहतो. १९६२च्या मॉडेलांत कॅडिलॅक आणि अमेरिकन मोटर्स यांनी हे दिले. बाकीच्यांना घाई नव्हती. पुढे १९६४ साली काँग्रेसने कायदा केला की केंद्र सरकार स्वतःसाठी ज्या मोटारी विकत घेईल त्यांत सुरक्षेच्या ठरावीक गोष्टी हव्यात, आणि त्या यादीत दुहेरी ब्रेक होते. सरकारसारखे गिऱ्हाईक कोण सोडणार? १९६७च्या मॉडेलांत दुहेरी मास्टर सिलिंडर सर्रास दिसू लागला.

इथे गोष्टीला एक वळण मिळते, आणि तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दुहेरी ब्रेकने जीव वाचवला, पण बिघाड लपवलाही. अर्धे ब्रेक गेले तरी गाडी थांबते. पेडल थोडे खोल जाते, थोडे जास्त दाबावे लागते. आणि माणसाचा पाय अशा गोष्टींशी दोन दिवसांत जुळवून घेतो. शहरात तीस मैलांच्या वेगाने हिंडताना काही जाणवतही नाही. अंतर किती वाढते याचा अंदाज आजच्या सरकारी मानकावरून येईल : ताशी १०० किलोमीटर वेगातली मोटार सर्व ब्रेक शाबूत असताना ७० मीटरच्या आत थांबली पाहिजे, आणि एक सर्किट निकामी असताना १६८ मीटरची मुभा आहे. म्हणजे दुपटीहून जास्त. फ्रीवेवर पुढच्या ट्रकचे मागचे दिवे एकाएकी लागले की मधले शंभर मीटर आणायचे कुठून? आपले अर्धे ब्रेक गेलेले आहेत हे चालकाला कोणीतरी सांगणे भाग होते. दिव्याची गरज तिथे निर्माण झाली.

तो सक्तीचा कसा झाला ही कथा आपल्या मंडळींना जवळची वाटावी. नोव्हेंबर १९६५मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आले. नेडर हा लेबनॉनहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा, कनेटिकटमधल्या विन्स्टेड गावचा; म्हणजे आपल्या मुलांसारखाच स्थलांतरितांच्या घरातला. अपघात झाला की दोष नेहमी चालकाचा, गाडीचा कधीच नाही, या समजुतीवर त्याने घाव घातला. जनरल मोटर्सने त्याच्या खाजगी आयुष्याची गुप्त चौकशी करवली, ते उघडकीला आले आणि मार्च १९६६मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. त्या काळी या देशात रस्त्यांवर दर वर्षी पन्नास हजारांच्या आसपास माणसे मरत होती. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार सुरक्षेच्या कायद्यावर सही केली.

याच जॉन्सन यांनी त्याआधी अकरा महिने, ३ ऑक्टोबर १९६५ला, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी आणखी एका कायद्यावर सही केली होती. तोवर भारतीयांचा वर्षाचा कोटा होता १००. तो नवा इमिग्रेशन कायदा १९६८च्या जुलैत पूर्णपणे अमलात आला, आणि मोटारींच्या ब्रेकचे १०५ क्रमांकाचे मानक लागू झाले १ जानेवारी १९६८ला. आपली पहिली मोठी लाट या देशात उतरली आणि तिने ज्या जुन्या शेव्ही-डॉज घेतल्या, त्यांत हळूहळू हा लाल दिवा दिसू लागला. त्यातल्या कित्येकांनी गाडी चालवायला इथेच शिकून घेतले होते.

मानकाची मागणी अशी : एक सर्किट निकामी झाले तर चालकाला दिसेल अशा जागी लाल दिवा लागला पाहिजे. कारखान्यांनी त्यासाठी पितळेच्या छोट्या नळीत एक सरकता पिस्टन बसवला. दोन्ही बाजूंनी दोन सर्किटांचा दाब सारखा असेल तोवर तो मधोमध राहतो. एक बाजू ढिली पडली की तिकडे सरकतो आणि दिव्याचे सर्किट पूर्ण करतो. तराजूच म्हणा ना. गंमत अशी की यांतले बरेच पिस्टन एकदा सरकले की आपण होऊन परत येत नसत. त्यामुळे गळती दुरुस्त झाली, नळ्यांतली हवा काढली, तरी दिवा लागलेलाच. मग दुसऱ्या बाजूच्या चाकाचा ब्लीडर किंचित उघडून पेडल हलकेच दाबत त्याला मध्यावर आणावे लागे. ‘‘दुरुस्ती केली तरी दिवा जात नाही, म्हणजे दिवाच खोटा’’ ही समजूत रुजायला या पिस्टनांनी हातभार लावला असावा असे मला वाटते.

१९७६पासून मानक बदलले. दाबातल्या फरकाऐवजी डबीतल्या द्रवाच्या पातळीवर दिवा लावायलाही परवानगी मिळाली, आणि पार्किंग ब्रेक ओढलेला असतानाही तोच दिवा लागावा असे ठरले. एकाच दिव्यावर अशी दोन-तीन कामे आली. शिवाय अमेरिकेत ‘ब्रेक’ हा शब्द अक्षरांत लिहिणे आवश्यक आहे. भारतात भाड्याने गाडी घेतली तर वर्तुळातले उद्गारचिन्ह दिसते, ते याचेच भावंड.

म्हणून दिवा जात नसेल तर इतिहासाच्या उलट क्रमाने, म्हणजे हलक्या कारणापासून, पाहत जावे. प्रथम पार्किंग ब्रेक. पायाने दाबायचा असेल तर पेडल बोटांनी वर ओढून पाहावे. दिवा विझला तर दोष त्याच्या स्विचचा किंवा ताणलेल्या केबलचा. मग बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरवरची डबी. पातळी ‘मिनिमम’च्या खाली असेल आणि दिवा वळणावर किंवा चढावर लागत-विझत असेल, तर बहुधा पॅड झिजले आहेत : पॅड जितके झिजतात तितका पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा द्रव भरून काढतो. नुसता द्रव वर ओतून दिवा घालवणे म्हणजे तापमापक थंड पाण्यात बुडवणे. आपण सवयीने ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते ऑइल नव्हे. डबीच्या झाकणावर लिहिलेला डॉट ३ किंवा डॉट ४ च घालावा, तोही नव्या सीलबंद बाटलीतला, कारण उघड्या बाटलीतला हवेतले पाणी ओढतो. इंजिन ऑइल चुकूनही पडले तर सगळी रबरी सील फुगतात.

पॅड जाड आहेत आणि पातळी तरी उतरली, तर गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला आणि मास्टर सिलिंडरखाली ओल शोधावी. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ गाडीखालच्या पोलादी नळ्या खाते. २०१५ साली केंद्रीय सुरक्षा खात्याने अशा राज्यांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना खालून धुण्याची आणि नळ्या तपासून घेण्याची मुद्दाम सूचना दिली होती. गळती दिसली तर गाडी चालवत गॅरेजमध्ये नेऊ नये, टो ट्रक बोलवावा. त्याचे पैसे जिवावर येतात, हे मान्य.

पातळी ठीक, गळती नाही, पेडल घट्ट, तरच दिव्यावर संशय घ्यावा. डबीच्या सेन्सरची वायर काढल्यावर दिवा विझला तर बऱ्याच गाड्यांत आतला तरंगणारा तुकडा बुडालेला किंवा अडकलेला असतो. काही जुन्या जपानी गाड्यांत बॅटरीचा आणि ब्रेकचा दिवा बरोबर लागला की दोष अल्टरनेटरचा असे. आजच्या गाड्यांत लाल दिव्याबरोबर एबीएसचा पिवळाही लागला तर मात्र घरगुती उपाय थांबवावेत. १९९६पासून सक्तीचे झालेले निदान-सॉकेट असले तरी वीस डॉलरचे यंत्र सहसा इंजिनाचेच कोड वाचते, ब्रेकचे नाही.

जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांनी एक पाहावे. कायद्यानुसार किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा क्षणभर लागून आपण जिवंत असल्याचे दाखवतो. विकणारा गृहस्थ कितीही सज्जन दिसो, तेव्हा तो लागलाच नाही तर बल्ब उडालेला तरी आहे, नाहीतर कोणी काढून ठेवलेला.