७. एटीकेटी
मुंबई विद्यापीठात ठरावीक विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देणारी सवलत (‘अलाउड टू कीप टर्म्स’). ठाण्याचे जोशी-बेडेकर (१९६९), कल्याणचे बिर्ला (१९७२) अशा महाविद्यालयांत निकालाच्या दिवशी ‘केटी लागली’ म्हणतात ती हीच. एखादा मुलगा अकाउंट्समध्ये नापास होऊनही दुसऱ्या वर्षाला बसतो तो तिच्यामुळे. अशाने दर्जा घसरतो, हा आक्षेप टिकत नाही: राहिलेला विषय सुटल्याशिवाय पदवी हाती पडत नाही, आणि वर्ष बुडाले की मुलाला नोकरीला चिकटवणारी घरे डोंबिवलीत कमी नाहीत. खरी उणीव निराळी. केटी मुदत देते, शिकवणी नाही. फॉर्म भरा, फी भरा, अभ्यास ज्याचा त्याने. न्यूयॉर्कच्या कम्युनिटी कॉलेजांतील ‘असॅप’ योजनेत (२००७ पासून) विद्यार्थ्याला सल्लागार, पुस्तकांचा खर्च आणि प्रवासाचा पास मिळाला. तुलनात्मक पाहणीत तीन वर्षांत पदवी घेणारे २२ टक्क्यांऐवजी ४० टक्के निघाले. कॉलेजच्या सही-शिक्क्याने लोकलचा सवलतीचा पास आपल्याकडेही मिळतो. पाठीशी नेमलेला सल्लागार मात्र क्वचितच.