उपसा योजनेचे वेळापत्रक: नियोजनाच्या सॉफ्टवेअरची पहिली ओळख

प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजमुळे तापीचे पाणी अडले, पण ते काठावरच्या शेतांत नेणाऱ्या 22 सहकारी उपसा सिंचन योजनांच्या दुरुस्तीचा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यात वर्षानुवर्षे गाजत राहिला. पैसा, वीजबिलाची थकबाकी, संस्थांची खालावलेली स्थिती ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांवर संगणकाकडे उपाय नाही. मात्र निधी मिळून कार्यादेश निघाल्यानंतरही जो वेळ वाया जातो, तो कशात जातो हे मोजता येते. ते मोजायलाच हवे, कारण समोर तुडुंब पाणी असताना उन्हाळ्यात उसाची एक पाळी हुकली तर ते नुकसान पुढच्या वर्षी भरून निघत नाही.

प्रकल्प-नियोजनाचे सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांत एक समज पक्का असतो: कामांची यादी करायची, प्रत्येकासमोर सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहायची, की पडद्यावर आडव्या पट्ट्या उमटतात आणि वेळापत्रक तयार होते. अशा पट्ट्यांचे तक्ते पोलंडचे कारोल आदामिएत्स्की यांनी 1896 च्या सुमारास आणि अमेरिकेत हेन्री गँट यांनी 1910 च्या दशकात वापरले. ते कागदावरही काढता येतात, त्यासाठी संगणक लागत नाही. संगणकाची खरी गरज 1957 मध्ये पुढे आली. ड्यूपाँट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कामांमधले परस्परावलंबन गणितात बसवले. कोणते काम कोणत्या कामासाठी अडून राहते, एवढे सांगितले की तारखा गणितातून निघतात, आणि सगळ्या प्रकल्पाची अखेर कोणत्या साखळीवर ठरते हेही कळते. त्या साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. आपण निर्णायक साखळी म्हणू. प्रायमाव्हेरा असो, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट असो की फुकट मिळणारे प्रोजेक्टलिब्रे आणि गँटप्रोजेक्ट, सगळ्यांच्या पोटात हेच गणित आहे. म्हणून माझे म्हणणे असे की शिकणाऱ्याने तारखा सांगायच्या नसतात, कारणे सांगायची असतात. तारीख हे उत्तर आहे, आणि उत्तर आधीच भरून ठेवले तर सॉफ्टवेअर काहीच शिकवत नाही.

प्रकाशाच्या काठावरची एक जुनी उपसा योजना डोळ्यांसमोर आणू. पुढचे दिवस समजावण्यापुरते धरलेले आहेत, पण कामे अशा कोणत्याही योजनेत हीच असतात. जॅकवेलमधून, म्हणजे काठावरच्या पंपांच्या विहिरीतून, जुने पंप आणि मोटारी उतरवून तपासायला 6 दिवस. त्यानंतर मोटारींचे वायंडिंग आणि पंपांची दुरुस्ती, 25 दिवस. पंप निघाले की मोकळ्या जॅकवेलमधला गाळ काढायला 15 दिवस. गाळ निघाला आणि दुरुस्त मोटारी आल्या की त्या बसवायला 6 दिवस. दुसरीकडे रायझिंग मेनची, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या पाइपलाइनची, फुटकी लांबी बदलायला 28 दिवस. या कामाला पंपांची वाट पाहावी लागत नाही. तिसरीकडे नव्या ट्रान्सफॉर्मरची मंजुरी, 40 दिवस, आणि तो उभा करायला 5 दिवस. हे सगळे जुळले की 4 दिवसांची चाचणी.

ही यादी संगणकाला हात लावण्याआधी कागदावर करावी, आणि एकट्याने करू नये. संस्थेचा सचिव, पंप चालवणारा ऑपरेटर, वायरमन आणि पाइपलाइनचा मुकादम एका चटईवर बसले पाहिजेत. प्रत्येक कामाबद्दल एकच प्रश्न: हे सुरू करायला आधी काय झालेले हवे? ऑपरेटर सांगतो की पंप उतरवल्याशिवाय गाळाला हात घालता येत नाही. वायरमन सांगतो की मंजुरीच्या अर्जाला जॅकवेलशी काही देणेघेणे नाही, तो आजच जाऊ शकतो. दहा वर्षे पंप चालवलेल्या माणसाला जे ठाऊक असते ते अंदाजपत्रकात कुठेच नसते, आणि सॉफ्टवेअरमधल्या जोडरेषा त्याच्याच बोलण्यातून येतात.

आता संगणक. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये 2010 च्या आवृत्तीपासून नवे काम मूळ सेटिंगमध्ये ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ म्हणून येते. म्हणजे तारीख तुम्ही ठरवायची, गणित बाजूला राहते. पहिल्याच मिनिटाला हे बदलून ‘ऑटो शेड्यूल्ड’ करावे. नंतर कामांची नावे, प्रत्येकाचे दिवस आणि ‘प्रेडिसेसर’च्या रकान्यात आधीच्या कामाचा क्रमांक, एवढेच भरावे. सुरुवातीच्या तारखेच्या रकान्यात काहीही टाइप करू नये. तिथे तारीख टाकली की सॉफ्टवेअर त्या कामावर ‘या तारखेआधी सुरू नाही’ अशी अट गुपचूप बसवते, आणि पुढे आधीचे काम लवकर संपले तरी हे काम जागचे हलत नाही. पक्क्या तारखेची अट जिथे तारीख माणसाच्या हातात नसते तिथेच शोभते. उदाहरणार्थ, गुरू सिंह राशीत आला की प्रकाशाला बारा वर्षांनी पर्व भरते. घाटाचे काम त्याआधी संपणे भागच आहे. पंप दुरुस्तीच्या मधल्या कामांना तशी अट लावायला काही कारण नाही.

गणित चालवल्यावर काय दिसते? पंप उतरवणे, दुरुस्ती, बसवणे, चाचणी ही साखळी 41 दिवसांची. गाळाच्या वाटेने 31. पाइपलाइन आणि चाचणी 32. मंजुरी, ट्रान्सफॉर्मर आणि चाचणी मात्र 49. प्रकल्प 49 दिवसांचा आहे आणि तो ठरवणारी वस्तू नदीकाठी नाहीच, ती एका टेबलावरची फाइल आहे. मोटारींच्या वाटेला 8 दिवसांची ढील आहे, पाइपलाइनला 17, गाळाला 18. ढील म्हणजे ते काम तेवढे लांबले तरी अखेरची तारीख हलत नाही. साइटवर नेमके उलटे घडते: गाळ डोळ्यांना दिसतो, म्हणून अध्यक्ष येऊन गाळ काढणाऱ्यांना घाई करतात, आणि अर्ज आठवडाभर सहीवाचून पडून राहतो. गाळ पाच दिवस लवकर निघाला तर योजनेला काहीही मिळत नाही. अर्ज पाच दिवस उशिरा गेला तर पाचही दिवस जातात.

इथपर्यंतचे गणित सोपे आहे आणि बरेच जण इथेच थांबतात. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: गाळ आणि पाइपलाइन या दोन्हींसाठी वेगवेगळी माणसे आहेत. लहान संस्थेकडे मजुरांची एकच टोळी असते. मग सॉफ्टवेअरच्या ‘रिसोर्स’ रकान्यात दोन्ही कामांसमोर तीच टोळी लिहावी. आधी संपूर्ण पाइपलाइन आणि मग गाळ असा क्रम लावला तर पाइपलाइन 28 व्या दिवशी संपते, गाळ 43 व्या, पंप 49 व्या दिवशी बसतात आणि चाचणी 53 वर जाते. पंप निघेपर्यंत टोळी बसवून ठेवली आणि गाळाने सुरुवात केली तरी 53 च. पण पहिले 6 दिवस, म्हणजे पंप उतरत असताना, टोळी पाइपलाइनवर लावली, मग 15 दिवस गाळावर आणली आणि 22 व्या दिवशी परत पाइपलाइनवर पाठवली, तर दोन्ही कामे 43 व्या दिवसापर्यंत संपतात. चाचणी 46 ते 49. चार दिवस केवळ क्रमातून वाचले, पैसा एकही जास्त लागला नाही. सॉफ्टवेअरमधले ‘लेव्हलिंग’चे बटण दाबले की ही मांडणी आपोआप सापडेलच असे नाही, ते ठरलेल्या नियमांनी कामे पुढे ढकलते. क्रम सुचवायचा माणसाने, तपासायचा यंत्राने.

या मांडणीत टोळीच्या वाटेला ढील उरली फक्त 2 दिवसांची. म्हणजे आता एक सोडून दोन वाटा नाजूक झाल्या. याचा एक परिणाम शिकणाऱ्याने स्वतः करून पाहावा असा आहे. मंजुरी 40 ऐवजी 30 दिवसांत मिळाली असे भरा. दहा दिवस वाचावेत, पण प्रकल्प 49 वरून 47 वरच येतो. कारण फाइल मोकळी झाल्याबरोबर निर्णायक साखळी टोळीकडे सरकते. एका जागी केलेल्या घाईचा फायदा कुठे संपतो, हे मनाने सांगता येत नाही. कागदावर आठ कामांचे उत्तर निघेल, ऐंशी कामांचे निघणार नाही. सॉफ्टवेअर त्यासाठी शिकायचे.

आणि मग होळी. काम मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले आणि टोळी धडगाव-अक्कलकुव्याकडची असली, तर होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार सुरू होतात आणि सातपुड्यातला माणूस घरी जातो. तो जाणारच, आणि त्याने जावेच. होळी हा त्याचा वर्षातला सर्वांत मोठा सण आहे. कामाचे सहा दिवस गेले की टोळीचे काम 49 व्या दिवशी संपते आणि चाचणी पुन्हा 53 वर. याला मुकादमाने ‘मजूर पळाले’ म्हणणे अन्यायाचे आहे. होळीची तारीख वर्षभर आधी पंचांगात छापलेली असते. ‘रिसोर्स कॅलेंडर’ नावाची सोय त्यासाठीच आहे: टोळीच्या नावाने ते सहा दिवस सुट्टीचे म्हणून भरायचे, म्हणजे वाढलेला काळ पहिल्याच दिवशी दिसतो आणि पाइपलाइनवर आठवडाभर चार माणसे जास्त लावायची का, हा निर्णय फेब्रुवारीत घेता येतो.

कॅलेंडरचे प्रकरण इतकेच नाही. वरच्या आकड्यांत सर्वांचा आठवडा सहा दिवसांचा धरला होता. महाराष्ट्रात 29 फेब्रुवारी 2020 पासून शासकीय कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला. मंजुरीची फाइल पाच दिवसांच्या आठवड्यावर चालत असेल तर तिचे 40 दिवस म्हणजे पुरे आठ आठवडे होतात, आणि सोमवारी सुरू झालेली सगळी योजना नवव्या आठवड्यातल्या सोमवारऐवजी दहाव्यातल्या मंगळवारी संपते. काम एका तासानेही वाढलेले नाही, तरी आठ दिवस गेले. उलट काँक्रीटला पाणी मारायचे दिवस रविवारीही मोजले जातात; त्यांना सलग दिवसांचे एकक द्यावे लागते. म्हणून फाइल उघडल्यावर पहिले काम कॅलेंडरचे करावे, नावांचे नंतर.

हेच विचार मोठ्या योजनेला लावले की त्यांचे वजन कळते. प्रकाशा-बुराई उपसा सिंचन योजनेत बॅरेजच्या वरच्या अंगाला, हाटमोहिदे गावाजवळून, पावसाळ्यात वाहून जाणारे तापीचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून बुराई धरणाकडे न्यायचे आहे. नवशिका पहिली चूक इथे करतो. पाणी पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाते, म्हणून दुसऱ्या टप्प्याचे बांधकाम पहिल्याच्या पूर्णत्वाला जोडून टाकतो आणि प्रकल्पाची लांबी दुप्पट-तिप्पट करून बसतो. पाण्याचा क्रम आणि बांधकामाचा क्रम एक नाहीत. भूसंपादन झाले असेल तर सर्व टप्प्यांची पंपगृहे एकाच वेळी उभी राहू शकतात. एकामागून एक येते ती फक्त चाचणी, कारण खालच्या टप्प्याने पाणी दिल्याशिवाय वरच्या पंपांना उचलायला काही नसते.

पण या चाचणीचे स्वतःचे कॅलेंडर आहे, आणि ते नदीच्या हातात आहे. नदीपात्रातली कामे पाऊस उघडल्यावरच होतात. वाहून जाणारे पाणी उचलायचे तर ते पावसाळ्यातच असते. बांधकामाचे कॅलेंडर आणि चाचणीचे कॅलेंडर असे एकमेकांना पाठ करून उभे आहेत. खालच्या टप्प्याची मोटार महिनाभर उशिरा, पूर ओसरल्यावर, तयार झाली तर सॉफ्टवेअर वरच्या टप्प्याची चाचणी महिनाभर पुढे ढकलत नाही, पुढच्या पावसाळ्यात नेऊन ठेवते. पडद्यावर एक पट्टी अचानक वर्षभर उडी मारते तेव्हा ती सॉफ्टवेअरची चूक वाटते; ती चूक नसून तापीचा नियम आहे. एका महिन्याची किंमत अकरा महिने कशी होते, हे मंत्रालयातल्या बैठकीत शब्दांनी पटवणे कठीण जाते आणि या एका उडीने पटते.

काम सुरू होण्याआधी मंजूर वेळापत्रकाची ‘बेसलाइन’ जतन करावी आणि नंतर तिला हात लावू नये. तारखा बदलल्या की तीच बदलून टाकली तर उशीर कुठून आला याचा पुरावा पुसला जातो. दर सोमवारी मुकादमाला ‘किती टक्के झाले’ असे विचारू नये, त्याचे उत्तर नेहमी ऐंशीच्या आसपास येते. ‘अजून किती दिवस लागतील’ असे विचारावे, आणि तो आकडा ‘रिमेनिंग ड्युरेशन’च्या रकान्यात भरून गणित पुन्हा चालवावे. त्यातून पुढच्या पंधरा दिवसांची कामे मराठीत छापून जॅकवेलच्या दारावर लावावीत, ढील शून्य असलेली कामे ठळक अक्षरांत, आणि फाइल ज्या टेबलावर आहे त्या टेबलाचे नावही त्याच कागदावर.