सामाजिक शास्त्रांचा शिक्षक : बी.एड.पूर्व तयारी (नांदेड-लातूर)

माध्यमिक शाळेत इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवू पाहणाऱ्या पदवीधराने बी.एड.ला जाण्याआधी करावयाची विषयाची तयारी. ही नोंद नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांपुरती आहे. परभणी व हिंगोलीसह हे जिल्हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. औरंगाबादच्या विद्यापीठातून वेगळे होऊन हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, अस्तित्वात आले. या भागात बी.एड.ची तयारी बहुधा प्रवेश परीक्षेच्या सरावापुरतीच उरते. ती परीक्षा मात्र उमेदवाराचा विषय तपासत नाही. त्यामुळे विषय पक्का करण्याची जागा पदवीची वर्षे हीच आहे.

बी.एड.च्या सीईटीत १०० प्रश्न आणि ९० मिनिटे असतात. बुद्धिमत्ता ४०, सामान्य ज्ञान ३० आणि अध्यापन अभियोग्यता ३० अशी गुणांची विभागणी असते. अक्षांश-रेखांश न कळणारा उमेदवारही यात उत्तम गुण मिळवू शकतो. पात्रतेसाठी पदवीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के गुण लागतात. ते कोणत्या विषयांत मिळाले याचा परिणाम पुढे अध्यापन पद्धती निवडताना जाणवतो. विषयाची पहिली खरी परीक्षा शिक्षक पात्रता परीक्षेत (टीईटी) होते. सहावी ते आठवीसाठीच्या दुसऱ्या पेपरात १५० पैकी ६० गुण सामाजिक शास्त्रांना असतात आणि उत्तीर्ण होण्यास खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात. महाराष्ट्रात ही परीक्षा पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेने २०१३ च्या डिसेंबरात प्रथम घेतली. त्यानंतरची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०० गुणांची, पण तिच्यातही विषयज्ञान नाही. तीन परीक्षांपैकी एकीतच विषय विचारला जातो, आणि क्लासवाल्यांचे वेळापत्रकही त्याच बेताने आखलेले असते.

अडचणीचे मूळ शालेय विषयाच्या घडणीत आहे. दहावीला सामाजिक शास्त्रे हा १०० गुणांचा एक विषय : इतिहास व राज्यशास्त्राची लेखी परीक्षा ४० गुणांची, भूगोलाची ४० गुणांची, उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. लहान शाळेत हे सगळे एकाच शिक्षकाकडे येते. पदवीला मात्र हे विषय सुटे असतात. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा लोकप्रशासन घेऊन बी.ए. झालेल्याचा भूगोलाशी संबंध अनेकदा दहावीलाच तुटलेला असतो. भूगोलाला प्रयोगशाळा व प्रात्यक्षिके लागतात, म्हणून तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयात तो मिळत नाही. उलट, भूगोलाच्या पदवीधराला संसदीय कामकाज किंवा इतिहासलेखनाची परंपरा परकी वाटते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत मुख्य व दुय्यम विषयांची रचना आली आहे. तिच्यात एका विषयाची खोली वाढेल, पण शाळेला लागणारी व्याप्ती आपोआप मिळणार नाही. दुय्यम विषय निवडताना मैत्रीण काय घेते यापेक्षा आपल्याकडे शाळेतला कोणता भाग कोरा आहे, हे पाहावे.

हा कोरा भाग ओळखण्याचे सर्वांत सोपे व सर्वांत उपेक्षित साधन म्हणजे बालभारतीची सहावी ते दहावीची पुस्तके. पदवीधराला ती लहान मुलांची वाटतात. २०१७ व २०१८ साली आलेली नववी-दहावीची पुस्तके उघडली की हा समज टिकत नाही. दहावीच्या इतिहासात राजे आणि लढाया नाहीत. त्यात इतिहासलेखनाच्या पाश्चात्य व भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन अशी प्रकरणे आहेत. बी.ए.ला मराठ्यांच्या कालखंडाच्या टिपणांवर निभावलेल्यांना रांके किंवा फुको इथेच पहिल्यांदा भेटतात, तेही विद्यार्थ्यांच्या बरोबरीने. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील यांची तुलना करतो आणि क्षेत्रभेटीच्या पाठाने सुरू होतो. त्या पाठातली सहल नळदुर्गहून निघते, म्हणजे लातूरच्या शेजारच्याच जिल्ह्यातून. नववीच्या भूगोलात वितरणाच्या नकाशांच्या टिंब, क्षेत्रघनी व समघनी पद्धती आहेत, शिवाय अर्थशास्त्राचा परिचयही. आठवीच्या इतिहासात हैदराबाद मुक्तिसंग्राम आहे, पण मोजक्या परिच्छेदांत. तो फुलवायचा भार शिक्षकावर आहे.

स्थानिक साधनांची माहिती हा तयारीचा सर्वांत समृद्ध आणि परीक्षेत कधीच न मोजला जाणारा भाग. नांदेड-लातूरच्या जिल्हासीमाच मुळात इतिहास-भूगोलाचा एकत्र धडा आहेत. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला, म्हणून त्याचा आधीचा मजकूर उस्मानाबादच्या गॅझेटिअरमध्ये शोधावा लागतो. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. त्याच राज्यपुनर्रचनेत नांदेडचा मुधोळ भाग आदिलाबादकडे गेला. देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात मराठीच्या जोडीला तेलुगू व कन्नड कानावर येते. भाषावार प्रांतरचना शिकवायला याहून जवळचे उदाहरण नाही. निजामी राजवटीत शासनाची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरोघरच्या जुन्या जमिनीच्या कागदांवर तिच्या खुणा आहेत. निलंग्यात जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) फार्सी साधनांपर्यंत पोहोचू शकले, त्यामागे हाच भाषिक वारसा होता.

उदगीरचा किल्ला पाहिलेल्या भावी शिक्षकाला १७६० सालची मराठे-निजाम लढाई पाठ करावी लागत नाही. कंधारचा किल्ला, देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, औसा तालुक्यातील खरोसा लेणी आणि नांदेडचा सचखंड गुरुद्वारा ही स्थळे एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. गुरू गोविंदसिंग यांचे निर्वाण १७०८ साली नांदेडला झाले, एवढ्या एका घटनेतून पंजाब, दख्खन आणि मोगल दरबार असे तीन धागे निघतात. जाण्याआधी वाचन आणि आल्यावर टिपण, एवढे केले तरी दहावीच्या जतनाच्या प्रकरणाला स्वतःचे उदाहरण मिळते.

भूगोलाची साधने तर अंगावर आलेली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने स्थिर समजल्या जाणाऱ्या द्वीपकल्पीय पठाराविषयीची धारणा हलवली. जीवितहानी एवढी मोठी का झाली, याचे उत्तर भूगर्भाबरोबरच दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद यांत शोधावे लागते. पुनर्वसित गावांची आखणी आणि जुन्या गावठाणाची आखणी शेजारी मांडली, की वस्तीचा भूगोल आणि समाजशास्त्र यांतली भिंत उरत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उलट, नांदेड विद्यापीठाच्याच परिक्षेत्रात नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्प आहे. मांजरा आणि गोदावरी यांची खोरी, पर्जन्यमान, ऊस आणि मोंढ्यावरची सोयाबीन-तुरीची आवक यांचा एक नकाशा स्वतःच्या हाताने काढला, तर टिंब पद्धत कायमची लक्षात राहते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा आपल्या तालुक्याचा १ : ५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा वाचता येणे ही इतिहासाच्या पदवीधरासाठी किमान अट मानावी. समोच्च रेषा न समजता किल्ल्याची जागा सांगणे पोकळ ठरते.

बी.एड. २०१५-१६ पासून दोन वर्षांचे झाले. त्यापूर्वी ते एका वर्षाचे होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार त्यात किमान २० आठवडे शाळेत घालवावे लागतात. तासिकांना ८० टक्के आणि शाळानुभवाला ९० टक्के उपस्थिती अपेक्षित आहे. सूक्ष्म अध्यापन, पाठ टाचण, सरावपाठ, घटक नियोजन ही या अभ्यासक्रमाची ठरलेली कामे. ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ हा विषय आशय आणि पद्धती यांची सांगड घालतो, पण तो आशय नव्याने शिकवत बसत नाही. छात्राध्यापकाला तो आधीपासून येतो असे गृहीत धरतो. हे गृहीतक फसले की टाचणाचे रकाने सुबक भरले जातात आणि पाठ मात्र पुस्तक वाचून दाखवण्यावर येतो. मार्गदर्शक प्राध्यापकाचा शेराही मग फलकलेखनावर येऊन थांबतो.

या भागात शिक्षकी पेशाची परंपरा मोठी आहे. विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२) मुक्तिसंग्रामाचे नेते होण्याआधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईला शिक्षक होते. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवत होते, तेथून ते पीपल्स कॉलेजात आले आणि प्राचार्य झाले. इतिहास, राज्यघटना, साहित्य आणि धर्म यांच्या सीमा त्यांनी जुमानल्या नाहीत. शालेय सामाजिक शास्त्रांना नेमकी हीच वृत्ती हवी असते. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाशी जोडलेला ‘लातूर पॅटर्न’ वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांसाठी गाजला. त्याची शिस्त आणि सराव घेण्यासारखाच आहे, पण वस्तुनिष्ठ प्रश्नांवर घासलेली सवय वर्गात ‘का झाले?’ विचारणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अपुरी पडते.

पुढच्या वाटेचा हिशेबही आधीच करावा. राज्यात मे २०१२ पासून शिक्षक भरती दीर्घकाळ थांबलेली होती. २०१७ नंतर ती पवित्र पोर्टलमार्गे सुरू झाली, तीही अभियोग्यता चाचण्यांमध्ये वर्षांची अंतरे ठेवून. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीच्या नियुक्तीचा मार्ग बंद झाला. सहावीपासून वरचे वर्गच उरले, म्हणजे विषयाची खोली अधिकच लागणार. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर जातात. माध्यमिकला हे मानधन २०२३ पासून १८,००० रुपये आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०२५ साली नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी पुन्हा एका वर्षाचे बी.एड. सुचवले आहे. एका वर्षात सरावपाठ आणि शाळानुभव बसवल्यावर आशयाला तासिका उरणे कठीण. त्या वाटेने जाणाऱ्याला सुटलेला भूगोल किंवा सुटलेले राज्यशास्त्र पदवीच्या चौथ्या वर्षातच भरून काढावे लागेल.