सुझलॉनचे रीपॉवर अधिग्रहण

सुझलॉन एनर्जी या पुण्यात मुख्यालय असलेल्या पवनचक्की उत्पादक कंपनीने २००७ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील रीपॉवर सिस्टिम्स या कंपनीवर नियंत्रण मिळवले. या व्यवहारास सुझलॉनचे रीपॉवर अधिग्रहण म्हणतात. कर्जाच्या बळावर झालेल्या विदेशी अधिग्रहणातील जोखमीचे हे ठळक भारतीय उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी
वस्त्रोद्योगातून आलेले तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुझलॉनची स्थापना केली. ते कंपनीचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक होते. २००६ मध्ये सुझलॉनने बेल्जियममधील गिअरबॉक्स उत्पादक हॅन्सन ही कंपनी ४६.५ कोटी युरोंना घेतली. रीपॉवरकडे समुद्रात उभारावयाच्या ५ मेगावॅट पवनचक्कीचे तंत्रज्ञान होते. सुझलॉनला तेच हवे होते.

व्यवहार
फ्रान्सच्या अरेव्हा कंपनीशी बोलीची चढाओढ झाली. अरेव्हाने प्रतिसमभाग १४० युरो देऊ केले, तर सुझलॉनने पोर्तुगालच्या मार्टिफर कंपनीच्या साथीने १५० युरोंची बोली लावली. मे २००७ मध्ये अरेव्हाने माघार घेतली. सुझलॉनने या विस्तारासाठी बँकांचे कर्ज घेतले व त्याच वर्षी परकीय चलन परिवर्तनीय रोखेही काढले.

अडचणी
जर्मन कायद्यानुसार 'वर्चस्व करार' नसल्यास मूळ कंपनीला उपकंपनीच्या व्यवस्थापनास आदेश देता येत नाहीत. त्यामुळे रीपॉवरची रोकड कर्जफेडीसाठी वा तिचे तंत्रज्ञान भारतात सहज वापरता येईना. कर्जाचा भार मात्र सुझलॉनवरच राहिला. अरेव्हाचा हिस्सा २००८ मध्ये, मार्टिफरचा २००९ मध्ये विकत घेण्यात आला. पूर्ण मालकी २०११ मध्ये मिळाली. दरम्यान २००८ च्या जागतिक मंदीने मागणी घटली आणि अमेरिकेत सुझलॉनच्या पवनचक्क्यांच्या पात्यांना तडे गेल्याने दुरुस्तीचा खर्च वाढला.

परिणाम
ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २० कोटी डॉलरच्या रोख्यांची परतफेड सुझलॉनला करता आली नाही. त्यानंतर बँकांनी सुमारे ९,५०० कोटी रुपयांच्या कर्जाची पुनर्रचना केली. सेन्व्हियॉन असे नामांतर झालेली रीपॉवर २०१५ मध्ये सेंटरब्रिज या अमेरिकी गुंतवणूक संस्थेस सुमारे १०० कोटी युरोंना विकण्यात आली. कर्ज कमी करणे हा या विक्रीचा प्रमुख हेतू होता. सेन्व्हियॉनने एप्रिल २०१९ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. सुझलॉन मात्र तगली. तांती यांचे १ ऑक्टोबर २०२२ रोजी निधन झाले. पुढील वर्षी कंपनीने संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून २,००० कोटी रुपयांचे भांडवल उभारले व त्याचा मोठा भाग कर्जफेडीसाठी वापरला.