पाच अंशांचा फरक

मराठीत ‘आटे’, उर्दूत ‘चूडी’. दोन्ही भाषा शिकवतो, पण हे शब्द मला मोमिनपुऱ्यात मामूंच्या घरच्या लेथवर मिळाले.

१८४१ मध्ये इंग्लंडच्या व्हिटवर्थने आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. विलायती यंत्रांसोबत तेच आटे इकडे आले. १९५८ पासून भारताने मेट्रिक मापे स्वीकारली. मेट्रिक आटे ६० अंशांचे.

म्हणून जुन्या यंत्राचा जाड स्क्रू करताना मामू आधी गेज लावून कोन पाहत. मग पोलादी सळईवर थोडे-थोडे खोल जात आटे पाडत. पाच अंश चुकले, तर नट नीट बसत नाही.

मिलच्या इतिहासात मालकांची नावे आहेत, कारागिरांची नाहीत. ‘खरादी’ हे आडनाव मात्र आजही आपल्यात आहे. ते वाचायला शिकूया.